देवयानीबाईंची शून्यातली नजर

पडद्यावरची आई पोटच्या मुलाशी बोलत असते आणि बघते मात्र त्याच्या कानाच्या पलीकडे, हे तुमच्या कधी लक्षात आलं आहे का? आलं नसेल तर देवयानीबाईंचे शेवटचे चार-पाच चित्रपट पुन्हा पाहा. त्या नजरेवर एका परीक्षकाने साप्ताहिकात अर्धा रकाना लिहिला होता. त्याच्या मते ती नजर शून्यात हरवली होती. ते कात्रण बाईंनी रंगपटाच्या खोलीत आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलं होतं आणि कंटाळा आला की त्या ते वाचून हसायच्या.

ती नजर शून्यात नव्हती. ती माझ्या तोंडाकडे होती.

मी सिनेमात प्रॉम्प्टर होतो. अंधेरीच्या एका स्टुडिओत, सगळी मिळून सहा वर्षं. नाटकातला प्रॉम्प्टर तुम्हाला ठाऊक असतो. तो विंगेत बसून कुजबुजतो आणि कधी कधी पहिल्या तीन रांगांनाही ऐकू जातो. सिनेमातल्या प्रॉम्प्टरला कुजबुजायचीही सोय नाही. आमच्या स्टुडिओत तेव्हा चित्र आणि आवाज एकदमच घेत. लांब दांड्याला टांगलेला मायक्रोफोन डोक्यावर, आणि खाली कुणाच्या बांगड्या किणकिणल्या तरी शॉट बाद. म्हणून प्रॉम्प्टरचं खरं काम शॉटच्या आधी. लेखकमहाशय ऑफिसात बसून सकाळी प्रसंग लिहिणार, शाई वाळायच्या आत मी त्याची नक्कल करणार, आणि नटाच्या गालाला रंग लागत असताना ती त्याच्या कानात ओतणार. शॉट चालू झाला की मी कॅमेऱ्याच्या कडेला उभा. कुणी अडलंच तर आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. समजलं तर समजलं.

बहुतेकांना समजत नसे. आमच्याकडे एक खलनायक होता, तो आपली वाक्यं वस्तूंवर लिहून घ्यायचा. सुरीच्या पात्यावर, दारूच्या बाटलीवर, एकदा तर बांधून ठेवलेल्या नोकराच्या टकलावर. एका नायकाने संवादाचा कागद नायिकेच्या पाठीला टाचणीने लावला, आणि पुढच्या शॉटमध्ये ती बाई वळून चालू लागली. कागद फडफडत गेला. तो शॉट तसाच चित्रपटात आहे. कुणाच्याही लक्षात आलेला नाही. लोक पडद्यावर काय बघतात, हा माझ्यापुढचा जुना प्रश्न आहे.

या धंद्यात मी कसा पडलो तेही सांगतो, कारण पुढच्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. माझे वडील घाटकोपरला एका छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचे. सभांची, मोर्च्यांची पत्रकं तिथे छापली जात आणि शाई पसरलेली, वाकडी आलेली पत्रकं घरी येत. मी अक्षरं त्यांवर शिकलो. इतर मुलं अननसातला 'अ' गिरवत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होतो. आमची वस्ती बौद्धांची, गावाकडून पोटासाठी आलेल्या माणसांची. तिथे मोर्चा निघाला की घोषणा द्यायला मी पुढे. वस्तीतले आमचे एक वडीलधारे भाऊ मला शिकवायचे, "आवाज शेवटच्या रांगेला नाही पोचला तरी चालंल. तोंड पोचलं पाहिजे. त्यांना दिसलं पाहिजे तू काय म्हनतोस ते." म्हणून मी तोंड असं उघडायचो की मामा म्हणायचे, ह्याच्या पडजिभेवरसुद्धा मागणी लिहिलेली आहे.

स्टुडिओत मी संवादांच्या नकला करणारा कारकून म्हणून लागलो. अक्षर बरं होतं. पहिल्याच वर्षी गर्दीत काम करणाऱ्या बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही, यावरून फाटकावर सभा झाली. घोषणा अर्थात मी दिल्या. त्या वेळी एक मोटार फाटकाशी अडकून पडली होती. मागच्या सीटवर देवयानीबाई होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. आरशासमोर बसल्या होत्या.

"काल फाटकावर बोंबलत होतास तो तूच ना रे?"

"घोषणा देत होतो."

"तेच ते. दे बघू एक. आवाज न काढता."

मला ती चेष्टा वाटली. मी ताठ होऊन म्हणालो, "घोषणा आवाज न काढता देत नसतात, बाई."

"अरे दे ना! मी काय पोलीस आहे?"

मी दिली. नुसत्या ओठांनी. त्यांनी मान कलती करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या मागण्या मान्य करा. बरोबर? उद्यापासून माझं प्रॉम्प्टिंग तू करायचंस."

मी खूश झालो. माझे उच्चार त्यांना आवडले असं मला वाटलं. वीस-बावीस वर्षांचा माणूस किती सहज खूश होतो.

देवयानीबाई तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर होत्या. पौराणिक चित्रपटांच्या काळात त्यांचं नाव मोठं होतं. सती, राण्या, देवी, शापभ्रष्ट अप्सरा, सगळं करून झालेलं. गावोगावच्या तंबूंत त्यांचं चित्र पडद्यावर आलं की लोक चपला काढून बसत. आणि ही देवी मूळची अंधेरीजवळच्या एका गावठाणातली फिलोमिना. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्याची मुलगी. घरची भातखाचरं होती. फिलोमिना नावाची सती चालणार नाही, म्हणून पहिल्या निर्मात्याने नाव बदललं. घरची बोली काढून टाकायला एक शास्त्रीबुवा नेमले. 'मला', 'तुला'ऐवजी 'मना', 'तुना' म्हटलं की ते छडी टेबलावर आपटत. दोन वर्षांत फिलूबाय गेली आणि देवयानी आली. रविवारी मात्र त्या डोक्यावर पदर घेऊन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायच्या. पुढे बसलं तर लोक पाया पडायचे, असं सांगायच्या. पाद्रीबाबांना ते आवडत नसे.

माझ्या वेळी त्या आई झाल्या होत्या. धंद्यात नटीचं वय असंच मोजतात. आधी नायिका, मग वहिनी, मग आई, आणि त्यानंतर 'सजेशन'. हा शब्द बाहेरच्यांना माहीत नसेल. समोरच्या नटाचा चेहरा दाखवताना चौकटीच्या कडेला ज्याच्याशी तो बोलतोय त्याचा खांदा आणि डोक्याची मागची बाजू ठेवतात, त्याला सजेशन म्हणतात. म्हणजे तिथे कुणीतरी आहे एवढं सुचवायचं. चेहरा लागत नाही. एखाद्या नटीला नुसतं सजेशन द्यायला बोलावू लागले की समजायचं.

बाईंचं गुपित मला कळलं ते एका चुकीमुळे. प्रसंग असा होता की जत्रेत मूल हरवलेली आई देवळाच्या पायरीवर येते आणि पुजाऱ्याला विचारते, माझं बाळ कुठे आहे? बाई अडल्या. मी ओठ हलवले. आणि त्या डोळ्यांत पाणी आणून, काळीज फाटेल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी माळ कुठे आहे?"

सगळे हसले. बाईंनीही हसून निभावलं, "हातात जपमाळ दिलीत ना, म्हणून जीभ घसरली." शॉट पुन्हा झाला. मी मात्र हसलो नाही. जीभ घसरली तर माणूस भलतंच काहीतरी बोलतो. ऐकण्यात चूक झाली तर बाळचं काळ होईल, जाळ होईल. बाळचं माळ फक्त डोळ्याने होतं. 'प', 'ब' आणि 'म' म्हणताना ओठ सारखेच मिटतात. आरशासमोर म्हणून पाहा. आणि शॉटच्या आधी तेच वाक्य मी त्यांच्या कानाशी तीनदा म्हटलं होतं; ज्याने ते ऐकलं असेल तो ओठांवरून माळ वाचणार नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. त्या रंग पुसत होत्या. मी मागे उभा राहून हळूच म्हणालो, "बाई, तुम्हाला ऐकू येत नाही."

आरशात त्यांनी माझं तोंड वाचलं. कापूस थांबला.

"दार लाव," त्या म्हणाल्या. दार लावल्यावर म्हणाल्या, "डावा पूर्ण गेला. उजव्याला भोंगा कळतो, ढोल कळतो. माणूस नाही कळत."

"कुणाला माहीत आहे?"

"वागळ्यांना असावं." वागळे म्हणजे आमचे ध्वनिमुद्रक. "माझा आवाज चढला की ते तिकडे त्यांचं बटण खाली करतात. चार वर्षं झाली. आम्ही दोघांनी कधी विषय काढला नाही. आणि आता तू."

"बाकीच्यांना कळलं तर?"

"तर घरी. बहिरी आई कोण घेईल रे? मुलगा दारातून 'आई' म्हणून हाक मारणार आणि मी आपली ढिम्म, तांदूळ निवडतेय!" त्या हसल्या. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "बोलायचं नाहीस ना?"

मी शब्द दिला. पत्रकांत शब्द देणं मला चांगलं येत होतं.

त्या दिवसापासून आम्ही एक पद्धत बसवली. तिचा मला अजून अभिमान वाटतो. मी अशा जागी उभा राहायचो की समोरच्या नटाचा कान आणि माझं तोंड बाईंना एका रेषेत दिसावं. समोरचा बोलत असेपर्यंत मी त्याचे शब्द ओठांनी म्हणायचो. त्याचं वाक्य संपलं की मी ओठ घट्ट मिटायचो. मिटलेले ओठ म्हणजे, बाई, आता तुम्ही बोला. एवढी एकच खूण. वरून तराफ्यावरून माझ्या तोंडावर थोडा उजेड टाकायला पांडूला सांगितलं होतं. नकला वाचायला दिसत नाही, असं कारण दिलं. तराफा म्हणजे छताला टांगलेल्या फळ्या. दिवेवाले त्यांवरून चालत, भलेमोठे दिवे इकडून तिकडे ओढत. पांडू त्यांच्यातला मुख्य, मालवणकडचा.

अडीच वर्षं आम्ही असं काम केलं. कुणाला काही कळलं नाही. उलट बाईंच्या अभिनयात नवी खोली आली असं लोक म्हणू लागले. समोरच्याचं बोलणं संपल्यावर त्या क्षणभर थांबून बोलत. तो क्षण माझे ओठ मिटण्याचा होता. फक्त एक भीती होती. आवाज नंतर वेगळा भरायची पद्धत तेव्हा येऊ लागली होती. त्यात काळोख्या खोलीत आपलंच जुनं वाक्य कानाने ऐकून त्यावर पुन्हा बोलायचं असतं. "ती आली की मी संपले," बाई म्हणायच्या. "तोवर तू तोंड सांभाळ."

मग भिकू पडला.

भिकू पांडूच्या हाताखालचा दिवेवाला. तराफ्यावरून मागे सरकताना पाय हुकला आणि तो राजवाड्याच्या सेटवर येऊन पडला. पाठ मोडली. वरच्या फळ्यांना कठडा नव्हता. साधा, कमरेएवढा कठडा. आम्ही तो आधीपासून मागत होतो आणि मालकांचं उत्तर ठरलेलं होतं, कठड्याने दिवे अडतात. भिकूला गावी नेऊन घातलं. तो परत उभा राहिला नाही.

पत्रक मी लिहिलं. दिवेवाले, सुतार, रंगारी, शिंपी, कॅमेऱ्याची गाडी ढकलणारे, कारकून, सगळ्यांची नावं घेऊन लिहिलं. शेवटचं वाक्य माझंच: शिट्टी वाजली की हातातलं काम आहे तिथे सोडायचं, अर्धा ठोकलेला खिळासुद्धा पुरा करायचा नाही. वडिलांनी ते रात्रपाळीत छापून दिलं. संप कधी ते मालकांना कळू द्यायचं नव्हतं, आणि कलाकारांनाही सांगायचं नाही असं ठरलं. कलाकार मालकांच्या मोटारीतून येतात, त्यांच्याबरोबर जेवतात. ते आपले नाहीत. हे कुणी म्हटलं? मीच म्हटलं. सभेत, मोठ्याने. आणि मला टाळ्या पडल्या.

आदल्या संध्याकाळी मी बाईंच्या खोलीपर्यंत गेलो होतो. पांडूने बाहेरच गाठलं.

"खंय चललंस?"

"बाईंना नुसतं..."

"बाईक सांगलंस तर शेटाक कळतला. कळला मां, मेल्या? भिकू थंय लोळता हा आणि तुका बाईची काळजी!"

त्याला बाईंचं काही माहीत नव्हतं. मी शब्द दिलेला होता, त्यामुळे सांगूही शकत नव्हतो. दोन्हीकडे शब्द देऊन बसलेला माणूस परत फिरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शॉट चालू होता. तुरुंगातून सुटून आलेला मुलगा दारात उभा आहे आणि आई त्याला आत घेण्यापूर्वी बोलते. नायक आलाच नव्हता. त्याच्या जागी त्याच्यासारखा शर्ट घालून दुसराच माणूस सजेशनला पाठमोरा उभा होता. म्हणजे सबंध प्रसंग बाईंनी एका अनोळखी खांद्यावरून माझ्या तोंडाशी करायचा होता. आणि त्या फार सुंदर करत होत्या. शेट, म्हणजे निर्माते, त्या दिवशी मुद्दाम बघायला आले होते. खुर्ची टाकून बसले होते. बाई म्हणाल्या, "आत ये. पण त्याआधी मला एक सांग..." आणि अडल्या. पुढचा प्रश्न सांगायला मी ओठ उघडले.

शिट्टी वाजली.

मी ओठ मिटले.

हे मी मुद्दाम केलं. पत्रकात लिहिलेलं वाक्य पाळायचं म्हणून, वरून पांडू आणि त्याची माणसं बघत होती म्हणून, मी तोंड घट्ट बंद केलं आणि हातातला कागद खाली केला. सेटवर प्रत्येकाने मान वर केली. शिट्टी तराफ्यावरून आली होती. सुताराने हातोडी ठेवली. पाठमोरा माणूससुद्धा वळला. फक्त एक बाई हलली नाही. तिच्या दृष्टीने मी ओठ मिटले होते. म्हणजे तिने बोलायचं होतं.

"मला एक सांग..." बाई पुन्हा म्हणाल्या.

मी ओठ मिटलेलेच ठेवले.

त्यांना वाटलं, आधीचं नीट झालं नसावं. त्यांनी डोळ्यांत पुन्हा पाणी आणलं. "मला एक सांग, बाळा..."

सगळं स्थिर झालं होतं. एक बाई कुणाचीही नसलेली आई होऊन पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारायला लागली होती आणि प्रश्न तिला माहीत नव्हता. तो माझ्या हातातल्या कागदावर होता. "तू जेवलास का?" एवढाच.

मग पांडूच्या माणसांनी ठरल्याप्रमाणे दिवे बंद करायला घेतले. एक, मग दुसरा. माझ्या तोंडावरचा गेला. तेव्हा बाई घाबरल्या. त्यांचा आवाज चढला. वागळे आपल्या खोलीतून बाहेर आले होते, त्यांचं बटण सांभाळायला कुणी नव्हतं.

"पांडू! उजेड दे रे! ह्याचं तोंड दिसत नाही मला!"

शेट खुर्चीतून उठले. घाईने नाही. बाईंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या डाव्या कानाशी टाळी वाजवली. मग उजव्या कानाशी. बाईंनी मान वळवली नाही. त्या मला शोधत होत्या.

'संप आहे, बाई.' तीन शब्द. उजेड होता तोवर नुसत्या ओठांनी सांगता आले असते. ना आवाज झाला असता ना नियम मोडला असता. मी त्या तीन शब्दांवर नंतर जितका विचार केला आहे तितका कुठल्याच तत्त्वावर केलेला नाही.

संप आम्ही जिंकला. हे लिहितानाही मी म्हणेन की तो संप न्याय्य होता आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा व्हावा. तराफ्यांना लोखंडी कठडे लागले. फाटकावर पेढे वाटले गेले, मी घोषणा दिल्या. बाईंचा उरलेला भाग दुसऱ्या नटीला तशीच साडी नेसवून, पाठमोरी ठेवून पुरा केला. आठवड्याभरात अंधेरीपासून चेंबूरपर्यंत सगळ्या स्टुडिओंना कळलं की देवयानी ठार बहिरी आहे.

मी त्यांच्या घरी गेलो तो तीन-चार महिन्यांनी. आधी हिंमत झाली नाही. गावठाणातलं घर, ओटीवर भावजय सुकट निवडत होती. बाई आतून आल्या.

"ये. तिथे नको, उजेडात बस."

मी मान खाली घालून बोलायला लागलो.

"तोंड उघड नीट," त्या म्हणाल्या. "माफी मागताना सगळे पुटपुटतात."

मी मान वर केली आणि सगळं सांगितलं. शब्द, पांडू, पत्रक. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"कठडा लागला?"

"लागला."

"मजबूत आहे?"

"लोखंडी आहे."

"बरं झालं. भिकू चांगला पोरगा होता." मग भावजयीला म्हणाल्या, "च्या ठेव गं बाय याला." पुन्हा माझ्याकडे वळून, "तुझ्या त्या पत्रकात कोण कोण होतं?"

मी सांगितलं. दिवेवाले, सुतार, रंगारी, शिंपी.

"आणि मी?"

"तुम्ही कलाकार, बाई."

"मी पण तिथेच पडले रे. वरून नाही पडले एवढंच." आणि मग त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. पौराणिक चित्रपटात देवी प्रगट होते तेव्हा धूर आणि धडाका होतो ना? तो धडाका त्यांच्या पावलांशी मडक्यात दारू भरून उडवत. एक दिवस देवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रगट होत होती, कारण धूर मनासारखा येत नव्हता. दुपारी कानातून रक्त आलं. दिग्दर्शकाने अत्तराचा कापूस घातला, हात जोडले आणि म्हणाला, देवी, आणखी एकदा. "देवी नाही कशी म्हणणार? मना तं धा वर्सं कोनी इचारला पन नाय." माझ्याशी त्या घरच्या बोलीत तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

मी तडक संपाच्या समितीकडे गेलो. म्हटलं, हाही कामावरचाच अपघात आहे, हाही आपलाच प्रश्न आहे. पांडू खाली बघत होता. म्हणाला, "माका पटता रे. पण बाईचो प्रश्न आपलो न्हय. तूच बोललं होतंस." खरं होतं. मीच बोललो होतो. दुसरं पत्रक मी एकट्याने छापलं आणि फाटकावर एकट्याने वाटलं. लोकांनी घेतलं, घडी केली, खिशात ठेवलं. त्यानंतर मला स्टुडिओत बोलावणं आलं नाही. आता मी मुलुंडला एका छापखान्यात मुद्रितं तपासतो.

बाईंना बोलावणी आली, पण सजेशनची. दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या. "पाठीने अभिनय येत नाही मला," असं कळवलं. आता घरीच असतात. भावजय चांगली आहे, पण ती कानाशी ओरडते. गल्लीतली मुलं ओरडतात. ओरडताना माणसाचं तोंड वेडंवाकडं होतं आणि बाईंना काहीच वाचता येत नाही. म्हणून त्या हळूहळू बोलणंच सोडत चालल्या आहेत. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा त्यांचा एक शब्द अर्ध्यात विरला. पडद्यावर सती बोलली की तंबू गप्प व्हायचा, तो आवाज. स्वतःला ऐकू येत नाही आणि कुणी उत्तर देत नाही, असा आवाज किती दिवस टिकेल? डॉक्टर म्हणतात वापरला नाही तर जाईल. त्यांचे उच्चार आत्ताच थोडे बोथट झाले आहेत.

हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. एकदा त्यांचं गुपित माझ्यामुळे फुटलं आहे, पुन्हा विचारल्याशिवाय नाही. म्हणाल्या, "लिही. पण 'बिचारी' लिहिलंस तर ह्या घरात पाय ठेवू नकोस. काम पाहिजे म्हणून लिही."

मी म्हणालो, कुठे काम निघालं तर समोर मी उभा राहीन. फुकट, कुठेही.

"तू नको," म्हणाल्या. रागाने नाही. "तुझे ओठ मिटले की मला अजून धडकी भरते. दुसरं कुणीतरी बघ."

म्हणून तुम्हाला विचारतो आहे. पार्ल्यात, बोरिवलीत, घाटकोपरला, मुलुंडला इतकी हौशी नाट्यमंडळं आहेत. कचेऱ्यांच्या एकांकिका होतात, चाळींच्या उत्सवात नाटकं होतात, आणि म्हातारीच्या भूमिकेला बाई मिळत नाही म्हणून तुम्ही मिशा काढलेल्या पुरुषाला लुगडं नेसवता. देवयानीबाईंना बोलवा. बोलायची वाक्यं असलेली भूमिका द्या. पत्ता या अंकाच्या संपादकांकडे ठेवला आहे. सत्कार करू नका, शाल नको, नारळ नको. तालमीला बोलवा. चुकल्या तर इतरांना सांगता तसं सांगा.

फक्त प्रेक्षकांत पहिल्या रांगेत, मधोमध, एक माणूस बसवा. त्याच्या हातात संहिता द्या, तोंडावर उजेड पडेल असं बघा. त्याने ओरडायचं नाही, वाक्य तोडून तोडून म्हणायचं नाही, आपण बोलतो तसंच पण आवाजाविना म्हणायचं. माणूस निवडताना त्याचे विचार काय आहेत ते विचारू नका. बाहेर काहीही झालं, कुणीही हाक मारली, तरी तो पडदा पडेपर्यंत जागेवर बसून राहील का, एवढंच विचारा. आणि हो म्हणाला तर या आठवड्यातच कळवा.